वरवंट्याला ठेवलेलं नाव

धोंडुबाईला नावाने हाक मारणारं माणूस आता उरलं नव्हतं. थोरली माणसं एकेक करून गेली, आणि कोल्हापुरातल्या त्या गल्लीत सगळे तिला आत्याच म्हणत. सख्खी आत्या ती एकट्या ऋतुराजची. पण ज्या घरात बाळाला आत्या नसेल, तिथल्या बारशाला तिलाच बोलावणं जायचं. तिने कानात 'कुर्र' करून नाव सांगितलं की पोर टिकतं, अशी बायकांची समजूत होती.

समजुतीला कारण तिचं स्वतःचं नाव. तिच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईबापाने हिला धोंडू केलं. "दगूड कोण उचलून न्हेतंय?" असं म्हणून ती हसायची. पन्हाळ्याच्या पायथ्याला दिली होती. विशीतच कुंकू पुसून भावाच्या दारात परत आली आणि दोन म्हशींवर भावाचा संसार तोलून धरला. "आत्या, दुधात पाणी हाय व्हय?" असं कुणी चिडवलं तर म्हणायची, "म्हशीला इचार. तिनं प्यालं आसंल तेवढंच."

ऋतुराजची बायको वर्षाराणी रसायनशास्त्र शिकलेली. असल्या समजुतींवर तिचा विश्वास नव्हता. मग तिची पहिली मुलगी बारशाच्या आदल्या दिवशी दवाखान्यात दगावली आणि तेव्हापासून विश्वास आहे की नाही, हे तिचं तिलाच सांगता येईना.

दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा ती सारखी फोनवर नावं शोधत बसे. तिला असं नाव हवं होतं, जे आख्ख्या कोल्हापुरात कुणाचं नसेल. ज्याला कुणाचं काही चिकटलेलं नसेल. एका पानावर ते सापडलं. स्टाइना. जुन्या जर्मॅनिक मुळाचं, क्वचितच ठेवलं जाणारं. लोकप्रियतेची रेघ तळाशी जवळपास सपाट पडलेली. अर्थ, दगड. वर्षाराणीच्या अंगावर सुखाचा काटा आला. आत्याला तारणारं नाव, आणि तरी कुणी न वापरलेलं.

मुलगी झाली, ठणठणीत. बारसं दोन दिवसांवर आलं तेव्हा एका टळटळीत दुपारी आत्या घरामागच्या परड्यात घुगऱ्यांचे हरभरे निवडत बसली होती. वर्षाराणीने तिला नाव सांगितलं.

"तिकडचं जुनं नाव आहे, आत्या. पण तुमचंच म्हणा ना. अर्थ दगडच."

आत्याचा हात सुपात थांबला.

"ष्टायना," तिने हळू म्हणून पाहिलं. "दुसरं काय घावलं न्हाय?"

"मला वाटलं, तुम्हाला आवडेल."

"त्ये नाव दिल्यालं हाय, वर्षे."

"कुणाला?"

"थोरलीला."

परड्यातली म्हैस रवंथ करायची थांबली होती. आत्या मान खाली घालून बोलत राहिली. त्या दिवशी पोर बाहेर न्यायच्या आधी सगळी पाठमोरी होती, तेव्हा तिने गार पडलेल्या कानात 'कुर्र' केलं होतं आणि आपलंच नाव सांगितलं होतं. "बिननावाचं कसं धाडायचं? तिकडं तिला कोण कसं बोलावंल? पाठीत धपाटं घालायला बी कोण न्हवतं गं."

आत्याने परड्याच्या दाराकडे पाहिलं.

"तवापासनं दुपारचं कोणतरी हाक मारतंय. 'धोंडेऽ' म्हनतंय. आईचा आवाज हाय माझ्या. मला हाक मारती का तिला, त्ये कळत न्हाय. म्हून म्या ओ देत न्हाय. आता ह्या बारकीला बी त्येच नाव घातलंस आनि ही चालाय लागली, मग?"

संध्याकाळी शिरोलीच्या फाउंड्रीतून आलेल्या ऋतुराजने सगळं ऐकून घेतलं आणि हसण्यावारी नेलं. "आत्या, ही नंबर प्लेट हाय व्हय, दोन गाड्यांना एक नंबर चालत न्हाय म्हनायला?" पण हसता हसता तो उठला आणि परड्याच्या दाराची कडी लावून आला.

बारशाला गल्लीतल्या बायका जमल्या. रिवाजाप्रमाणे वरवंटा धुऊन, हळदकुंकू लावून, कुंची घालून आधी पाळण्यात ठेवला. बाळ दगडासारखं टणक व्हावं, म्हणून पाळण्यात पहिला मान दगडाचा. तो उचलायला आत्या वाकली, तोच वर्षाराणीने तिचा हात धरला.

"आधी थोरलीचं नाव ठेवा, आत्या. सगळ्यांच्या देखत."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आत्याला मात्र समजलं. आता 'धोंडेऽ' ही हाक तिच्या एकटीची राहणार होती. ती कुंचीत तोंड घालून म्हणाली, "कुर्र... ष्टायना." वर्षाराणीने स्वतः तिच्या पाठीत धपाटा घातला. मग वरवंटा उचलून छातीशी धरला. तो नुकताच गार पाण्याने धुतलेला होता, आणि निजलेल्या पोरासारखा कोमट लागत होता.

पाळण्यात आता बाळ होतं. "आनि हिचं?" आत्याने विचारलं.

वर्षाराणीपाशी दुसरं नाव नव्हतं. तिने वर पाहिलं. उंबऱ्यात शेजारची मनाली घुगऱ्या खात उभी होती, आणि तिच्या मागे कोपऱ्यावरची दुसरी मनाली.

"मनाली."

"अगं बया! येवढी शिकलीस आनि ह्येच घावलं?" कुणीतरी ओरडलं. "गल्लीत तिसरी!"

"म्हणूनच," वर्षाराणी म्हणाली.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी आत्या परड्यात बसली होती. आतून वर्षाराणीने तिला मोठ्याने 'ओ' देताना ऐकलं. हाक कुणी मारली नव्हती. ती बाहेर आली तेव्हा आत्या भिंतीला टेकून गेलेली होती, डोळे दाराकडे, आणि पायातल्या चपला नीट घातलेल्या.

वरवंट्यावर त्या घरात पुन्हा काही वाटलं गेलं नाही. कुंचीसकट तो पाळण्याखाली असतो.

उन्हाळा आला. एका दुपारी गल्ली अगदी चिडीचूप असताना वर्षाराणी पाळण्याला झोका देत होती, आणि परड्याच्या दारामागून हाक आली.

"ष्टायनाऽ..."

तसं म्हणणारं एकच तोंड होतं जगात. पाळण्याची दोरी तिच्या मुठीत ताठ झाली. हाक दाराच्या अलीकडे आली. पाळण्याखाली काहीतरी जड, सावकाश, फरशीवर अर्धा वळसा लोळलं. वर्षाराणीने खाली पाहिलं नाही. छातीत होता नव्हता तेवढा श्वास एकवटून ती ओरडली, "मनालीऽ!"

"काय काकी?" शेजारून आवाज आला.

"ओऽ! आले!" कोपऱ्यावरून दुसरा.

आणि पाळण्यातल्या तिसरीने डोळे उघडून आईकडे पाहिलं. परड्यात पुन्हा हाक आली नाही. दोन मनाल्या मात्र चपला फटफटवत दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि वर्षाराणीने त्यांना आत घेऊन सरबत दिलं, दिवेलागणीपर्यंत जाऊ दिलं नाही.