थोरल्या जावेचं अंडं

कंधारच्या वाटेवर, तळ्याकाठी शांतम्माचं घर. ती देगलूरकडची. लग्नात तिनं माहेराहून बदकांची जोडी आणली, तेव्हा सासरची मंडळी पोट धरधरून हसली होती. शांतम्मानं त्याचा सूड सावकाश उगवला. बदकं वाढली तशी ती त्यांना सासरच्या एकेकाचं नाव देत गेली. छाती काढून चालणारा नर म्हणजे मामंजी. कारण नसताना कोकलणारी ती मावळण, म्हणजे आत्तेसासू. आणि सगळ्यांच्या आधी खाऊन सगळ्यांवर ओरडणारी लठ्ठ मादी, ती थोरली जाऊ. खऱ्या जावेपुढं जन्मात तोंड न उघडलेली शांतम्मा रोज सकाळी खुराडं उघडून म्हणायची, "चल गं जाऊबाई, बूड उचल!" मग दिवस कसा मोकळा जायचा.

नवरा पिराजी तरुणपणी गावच्या नाटकात राजा व्हायचा. आता टक्कल पडलं, दात हलायला लागले, पण आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. प्यायला पाणी मागायचं तरी एक पाऊल पुढं टाकून मागणार.

यंदा उन्हाळ्यात तळं आटलं आणि थोरल्या जावेनं पिशवीसारखं मऊ अंडं घातलं. मागोमाग मावळणीनंही. हातात घेतलं की बोट आत.

"शांते, ही अंडी हायत का फुगे?" पिराजी गरजला. "जत्रेला पाव्हणे येऊन राहिलेत. तवर धड अंडं दिसलं न्हाई तर समद्यांचा रस्सा!"

"अय्यो, जावेला खाणार?"

"जावेनं मला कमी खाल्लं का?"

शांतम्मा हसली नाही. मागच्या जत्रेला तिची लाडकी शेळी अशाच थट्टेत पातेल्यात गेली होती. "कडक अंडं दावते," ती म्हणाली.

"दाव. माझ्या टकलावर आपट. न्हाई फुटलं तर सुरीला हात लावणार न्हाई. राजाचा शब्द!"

शांतम्माला खात्री होती, ही नजर आहे. शेजारचा शिवशंकर कुंपणावरून बदकांकडे बघत ओठ चाटायचा. तिचे हात पिठात होते, म्हणून मीठ उतरवायचं काम तिनं नवऱ्याला सांगितलं, आणि तिथंच घात झाला. लोक मूठभर मीठ घेतात. पिराजीनं सूपभर घेतलं, कारण मूठ मागच्या रांगेला दिसत नाही. खांद्यावर उपरणं टाकून त्यानं बदकांना फेरे घातले. "आल्याची, गेल्याची, आन् त्या शिवशंकरची!" हे इतक्या जोरात, की शिवशंकर 'ओ' देत बाहेर आला. आता मीठ चुलीत टाकायचं, तर चूल थंड, आणि गॅसवर सूपभर मीठ ओतायला बायको देईना. "पाण्यात विरघळलं की नजरबी विरघळती," म्हणत पिराजीनं सूप बदकांच्या पाण्याच्या टाकीत रिकामं केलं आणि टाळ्यांची वाट बघत जरा उभा राहिला.

सकाळी मामंजी गुत्त्यावरून आल्यासारखे झुलत होते. मावळण टाकीवरून हलेना. थोरली जाऊ मान टाकून पडली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प होती. शांतम्मा तिला मांडीवर घेऊन रडायला लागली. "ऊठ गं जाऊबाई! बोल काहीतरी वाईट!"

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर महामाया, अहमदपूरची मुलगी, स्कूटीवरून आली. टाकीच्या काठावर मिठाचा पांढरा थर बघून म्हणाली, "काका, बदकांचं लोणचं घालताय का?"

पिराजी आभाळ बघू लागला. शांतम्मा पिराजीला बघू लागली.

"नजर काढली, म्याडम," तो पुटपुटला. पहिल्या रांगेलाही ऐकू जाणार नाही असं त्याचं हे पहिलंच वाक्य.

डॉक्टरनं टाकी पालथी करवली आणि गोडं पाणी थोडं थोडं, वरचेवर पाजायला लावलं. मग मऊ अंडं उजेडात धरून विचारलं, "काकू, तळ्यात पाणी होतं तेव्हा ही काय खायची?"

"गोगलगायी, शिंपले."

"आणि आता?"

"ज्वारी. निवडून, पाखडून देते की."

"ज्वारीत कवचापुरतं कॅल्शियम नाही. बिचारी स्वतःच्या हाडातून काढून अंडं देतेय."

पिराजीला हुरूप आला. त्यानं तंबाखूच्या चुन्याची डबी काढली. "मंग चुना चारू?"

"तोंड भाजेल तिचं. डबी खिशात ठेवा आणि हातही."

डॉक्टरनं समजावलं, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवायचा, अंडी देणारी मादी लागेल तेवढा आपणहून खाते. नराच्या आणि पिल्लांच्या दाण्यात मिसळायचा नाही, त्यांच्या मूत्रपिंडांना जड जातो. फॉस्फरस आणि बाकीच्या क्षारांसाठी तिनं मिनरल मिक्श्चर दिलं. मीठ त्यातलंच पुरे, असं ती पिराजीकडे बघून दोनदा म्हणाली.

थोरली जाऊ उठली आणि पहिली शिवी पिराजीला दिली. शांतम्मानं कोरड्या तळ्यातून पाटीभर शिंपल्या वेचल्या, धुऊन वाळवल्या, आणि उखळ नवऱ्यापुढं ठेवलं.

"राजानं मुसळ धरायचं?"

"धरा. सूप बरं धरलं होतं!"

जत्रेच्या दिवशी पाहुणे ओट्यावर चहा पीत बसले होते, त्यांत खरी थोरली जाऊही. शांतम्मा खुराड्यातून अंडं घेऊन आली. पिराजीनं टोपी काढली, डोळे मिटले.

"कुणाचं हाय?"

"थोरल्या जावेचं."

खऱ्या जावेच्या हातातली बशी पडली. शांतम्मानं तिकडं बघितलंही नाही. टक्! पिराजी दोन्ही हात पसरून, रणात पडावा तसा, ओट्यावर आडवा झाला. टकलावर टेंगूळ आलं. अंड्याला चरासुद्धा नव्हता.

"उठा आता," शांतम्मा म्हणाली, "पाव्हण्यांना पिठलं वाढायचंय. पाणी देऊ का? गोडं हाय."