गुडघ्याखाली चार बोटं

ही गोष्ट सांगायची मी अनेक वर्षं टाळली. दिगंबर गेल्याला आता दीड महिना झाला. नांदूरघाटच्या शोकसभेत ज्यांनी त्याला देवमाणूस म्हटलं, त्यांनीच एके काळी त्याला दूध सोसायटीच्या खोलीतून हुसकावलं होतं. त्या भाषणांची मला किळस आली. पण बोलणार कोणत्या तोंडानं... त्याला हुसकावण्याचं कारण मीच पुरवलं होतं.

दिगंबर सोसायटीत दूध तपासायचा, मी चेअरमन. शहरात जाऊन तो रीतसर ॲक्युपंक्चर शिकला आणि संध्याकाळी सोसायटीच्या मागच्या खोलीत सुया लावू लागला. “पोट दुखतंय अन् सुई पायात? डोकं ठिकानावर हाय का बे?” असं तोंडावर विचारणारा पहिला मीच. तो चिडला नाही. गुडघ्याखाली चार बोटं मोजून म्हणाला, की इथला निरोप नसांतून मेंदूकडं जातो, तिथून आतड्याची सूज उतरायला मदत होत असावी, जखमी आतड्याला उसंत मिळत असावी. ‘बरं करतो’ असं तो कधीच म्हणाला नाही.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. दूध आटलं, सभासद टँकरवरून भांडू लागले आणि माझ्या शौचातून रक्त जाऊ लागलं. बीडच्या डॉक्टरांनी मोठ्या आतड्याला सूज असल्याचं सांगून गोळ्या दिल्या. आराम पडेना, तेव्हा मी दिगंबरकडं गेलो. आजार गावात कळता कामा नये, ही माझी अट. त्याचीही एक होती. नोंद केल्याशिवाय दुधाची बरणी पुढं न सोडणारा माणूस तो... सुई लावण्याआधी वहीत आजाराचं नाव आणि ‘गोळ्या चालू’ लिहून माझी सही घ्यायचा.

दोन महिन्यांत कळ कमी झाली. गोळ्यांनी की सुयांनी, देव जाणे. मी परस्पर गोळ्या बंद केल्या आणि सही मात्र करत राहिलो. पुढं इतकं रक्त गेलं, की मला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. सुयांचं आणि गोळ्या बंद असल्याचं माझ्या पोरानं घाबरून सगळ्यांना सांगितलं, आजाराचं नाव तेवढं झाकलं.

परतलो तेव्हा सभासद तापलेले होते. गोळ्या कोणी बंद करायला लावल्या, असं त्यांनी भर बैठकीत विचारलं. मी दिगंबरकडं बोट केलं.

“चेअरमन, मी सांगितलं?” त्यानं शांतपणे विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

वही त्याच्या काखेत होती. उघडली असती तर माझं खोटं पडलं असतं आणि आजार कोणता तेही बाहेर आलं असतं. त्यानं ती उघडली नाही. दुसऱ्या दिवशी खोलीला सोसायटीचं कुलूप लागलं.

गेल्या वर्षी मांजरसुंब्याला तो एका ढाब्यावर दिसला. वाक्य घोकत मी जवळ गेलो. त्यानंच आधी विचारलं, “गोळ्या चालू हायत न्हवं?”

“हायत,” म्हणालो, आणि एसटी आली म्हणून निघालो. एसटी माझी नव्हती.

शोकसभेनंतर त्याच्या बायकोनं, कौसाबाईनं, ती वही माझ्या हातात दिली. “तुमचं पान हाय त्यात. दुसऱ्याच्या हाती पडू देऊ नको म्हनले व्हते.” ‘बसा’ न म्हणता ती आत गेली.

रोज सकाळी गोळी घेताना वही समोर असते. घोकलेलं वाक्य अजून तोंडातच आहे... दिगंबर, मी खोटं बोललो. मला माफ कर.