व्हय म्हाराजा

गणपतीत नारळ फुटून ओल्या खोबऱ्याचा वास घरभर झाला की मला करी रोडची ती रिकामी चाळ आठवते. पाडायच्या आधी तिथं एक नाटक चाललं होतं. रंगमंच नाही, खुर्च्या नाहीत. प्रेक्षकांनी खोल्याखोल्यांतून फिरायचं आणि नटांशी बोलायचं. बाबा आल्यापासून कुरकुरत होते, "बसाचा खंय?" शेवटच्या खोलीत एक कुटुंब घर सोडून निघालं होतं. त्यातली सून आमच्याकडे वळून म्हणाली, "आमच्यात मोठं कोणी उरलं नाही. देवापुढे गाऱ्हाणं घालील का तुमच्यातलं कोणी?" आजोबा गेल्यापासून आमच्या घरीही गणपतीपुढचं गाऱ्हाणं बंद पडलं होतं. बाबा दरवेळी म्हणायचे, मला येत नाही. तेच बाबा पुढे झाले, देवापुढचा नारळ पानावर ठेवला आणि हुबेहूब आजोबांच्या चढ्या सुरात म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ही पोरा आज उंबरो सोडतत, खंयव गेली तरी त्यांच्या पाठीशी रव रे म्हाराजा." तिकीट काढून आलेली ती परकी माणसं, कोणी न सांगता, एका आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा." गॅलरीतले लोकही चपला काढून आत सरकले. सुनेचं काम करणारी मुलगी पुढचं वाक्य विसरून हात जोडून उभी राहिली. रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "येत होतं, तर घरी का नाही घातलंत?" बाबा म्हणाले, "व्हय म्हणूक माणसा नको?" आता बाबाही नाहीत. यंदा गाऱ्हाणं मी घातलं, पण नारळ हातात घेण्याआधी आमच्या टॉवरमधल्या मजल्यावरची सगळी दारं वाजवून आलो.