तलावाच्या तळाशी कबड्डी

आमच्या गावचा पाझर तलाव आटला, त्या उन्हाळ्यात मी पुन्हा कबड्डी खेळू लागलो. चाळिशी केव्हाच उलटली होती आणि पोट सदऱ्याच्या गुंड्यांशी रोज भांडत होतं. गावातल्या सहकारी दूध संस्थेत मी सचिव. एरवी संध्याकाळी किटल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जायची. त्या वर्षी चारा नव्हता, बरीचशी गुरं छावणीला गेलेली. येईल तेवढं दूध मोजायचं, फॅट तपासायचं आणि दिवस कलायच्या आत कुलूप घालायचं. माझ्यासारखेच सगळे मोकळे. ऊसतोडीहून परतलेले गडी पारावर बसून कंटाळले होते. त्यातलाच एक म्हणाला, "तळ्यातली माती लई मऊ हाय."

खरंच होती. वर्षानुवर्षं साचलेला गाळ, वरून भेगाळलेला आणि आत मैद्यासारखा. आम्ही ढेकळं फोडली, शिंपले वेचून बाजूला टाकले, चुन्याच्या फक्कीने रेषा मारल्या. मैदान तयार.

तिथे उतरलो की मला काहीतरी व्हायचं. चहूकडच्या काठावर पाण्याच्या जुन्या खुणा होत्या, एकावर एक ओढलेल्या. सगळ्यात वरची खूण माझ्या डोक्याच्याही कितीतरी वर. चढाईला निघालो, 'कबड्डी, कबड्डी' सुरू झालं, की वाटायचं, वर पाणीच आहे. आपण तळाशी चाललोय, म्हणून तर श्वास घ्यायचा नाही. समोरचे गडी संथ हलायचे, धूळ गढूळ पाण्यासारखी वर चढायची, मावळता सूर्य कुठेतरी लांब तरंगायचा. गुडघा दुखत नसे. घर, संस्था, मुलीची बारावी, सगळं काठावर राहिलेलं असायचं. इतकं हलकं मला आयुष्यात क्वचितच वाटलंय. मग कुणीतरी कंबरेला मिठी मारून आपटायचं आणि दम सुटायचा.

आमच्या संस्थेचे चेअरमनही खेळायला यायचे. त्यांना धरायचं कुणी, हा मोठाच पेच होता, कारण मैदानावरच्या प्रत्येकाचं दूध संस्थेत. ते चढाईला आले की आमची अख्खी फळी अदबीने मागे सरकायची. ते रमतगमत यायचे, दोघांना शिवायचे आणि परत जायचे. शेवटी तेच चिडले.

"धरा की रं मला. हितं काय इलेक्शन हाय का?"

त्यानंतर आम्ही त्यांना धरायला लागलो, पण जरा हळूच.

घरी वेगळाच सामना चालू होता. टँकर येईल तेव्हाच पाणी. अंघोळ बाजेवर बसून करायची, खाली मोठं घमेलं. अंगावरून गळलेलं पाणी म्हशीला. म्हणून घरात साबण बंद, कारण साबणाच्या पाण्याला म्हैस तोंड लावत नाही. मी अंगभर गाळ माखून यायचो आणि अर्ध्या बादलीत जेवढा निघेल तेवढा काढायचो. मुलगी म्हणायची, "पप्पा, तुमच्या अंगाला तळ्याचा वास येतोय."

बायकोचं म्हणणं सरळ होतं. "पोराटोरांचा खेळ ह्यो. हाड मोडलं तर घागरी कोन आननार? म्या एकलीनं?"

तिचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला राग यायचा. शेजारच्या गावाशी आमचा सामना ठरला तेव्हा तिनेच तोडगा काढला. "तेवढी मॅच खेळा. मंग बंद."

मी हो म्हणालो. पण त्या दिवसापासून खेळ संपला तरी मी तळ्यातच रेंगाळू लागलो. मला तो तळ सोडायचा नव्हता.

सामना ऐन रंगात आला आणि तलावाच्या पाळीवर टँकर येऊन थांबला. बाया घागरी घेऊन धावल्या, वर रांग लागली. टँकरची तोटी सुटली की जागा सोडायची नाही, हा गावातला सगळ्यात कडक नियम. जागा सोडली की थेट शेवटी.

इकडे गुण बरोबरीत होते आणि शेवटची चढाई माझ्या वाट्याला आली. मी दम धरून निघालो. पुन्हा सगळं संथ झालं, पाणी डोक्यावर आलं. सहज वर नजर गेली. पाळीवर रंगीत लुगड्यांची रांग, आणि रांगेबाहेर, अगदी काठाशी, एकटी बाई उभी. कमरेवर घागर, तीही रिकामी. मी ओळखलं. ती माझीच बायको होती.

मी एकाला शिवलो, वळलो, आणि दोघांनी माझा घोटा धरला. मध्यरेषा हाताला लागली नाही. पुटपुटणं थांबलं. आम्ही हरलो.

घरी आलो तेव्हा ती माझ्या आधीच पोचली होती. घागर टँकरच्या तळाशी उरलेल्या पाण्याने जेमतेम अर्धी भरलेली. ठरल्याप्रमाणे आता खेळ बंद, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिने बाज टाकली, बादली ठेवली आणि कोनाड्यातून साबणाची वडी काढून माझ्या हातात दिली.

"आज साबन लावा."

"आन् म्हैस?"

"तिला माझ्या वाटनीचं पानी पाजलंय."

"रांग कशापायी सोडली तू?"

ती चुलीकडे गेली, आणि तिकडूनच बोलली, "उद्या जरा लवकर जावा खेळायला. दम लई कमी पडतुय तुमचा."

मी साबण लावत बसलो. डोळे भरून आले. मुलीने विचारलं तेव्हा म्हणालो, साबण गेला डोळ्यांत.