तानुवहिनीचा एकबैली छकडा

माझ्या भावाला, किसनरावला, त्याची बैलजोडी बायकोपेक्षा जास्त प्यारी आहे, असं मी त्याच्या तोंडावर म्हणत असे, आणि तो ते खोडूनही काढत नसे. दोन्ही बैल एका रंगाचे, एका उंचीचे, शिंगांची ठेवणसुद्धा तीच. बडनेऱ्याच्या रस्त्यावर त्याचा फुलांचा आणि भाजीचा मळा होता, पण लोक त्याला ओळखत ते जोडीवरून. पोळ्याला तोरणाखाली त्याची जोडी उभी राहिली की त्याची छाती अशी फुगे की अंगरख्याचे बंद तुटावेत. मळा खरा चालवायची ती त्याची बायको, माझी तानुवहिनी. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, दादालाही होतं.

मी शकुन, दादाची धाकटी बहीण. माझं सासर अमरावतीत राजापेठेला, बाजाराला लागूनच, त्यामुळे वहिनीचा बाजार मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. निंबाखाली तिची ठरलेली जागा. झेंडू, शेवंती, वांगी, मेथी, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, हिरव्यागार जुड्या. दादाची ती लाडकी जोडी जुंपून, बंडी स्वतः हाकत ती येई. गिऱ्हाइकाशी आधी भांडे, मग त्याच्या घरची चौकशी करी, मग वर एक जुडी फुकट देई, आणि माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याकडेच येई. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाचा जावई रुसला, सगळी खबर त्या निंबाखाली मिळे. नागपूरच्या सरकारलासुद्धा वऱ्हाडातलं एवढं कळत नसेल.

मग कापसाच्या मोसमात एकदा शेजाऱ्याची भरलेली बंडी उतारावर उलटली आणि वहिनीचा डावा पाय चाकाखाली आला. अमरावतीच्या डॉक्टरनं पाय वाचवला, हाडही नीट जुळलं. पण गुडघा जो ताठ झाला तो झालाच. पाय उभ्या काठीसारखा सरळ, वाकायचं नावच घेईना. काठीच्या आधारानं ती अंगणात, विहिरीपर्यंत हिंडे. बाजार मात्र सुटला.

तिच्या जागी दादा बसू लागला. दादा मनाचा राजा आहे, पण राजानं भाजी विकू नये. कोणी बाई म्हणाली, घरी पाहुणे आले हो, की हा दोन वांगी जास्त टाकणार. कोणी भाव पाडून मागितला की हा लाजून माल देऊन टाकणार. झेंडूवर पाणी मारायचं विसरायचा आणि दुपारपर्यंत फुलं माना टाकायची. बायका माझ्या दारावरून जाताना विचारत, तानुबाई केव्हा येते गं? मी म्हणे, येईल. मला स्वतःला खात्री नव्हती.

कारण वहिनी भांडेनाशी झाली होती. मी भेटायला गेले की चहा करी आणि गप्प बसे. एकदा मी मुद्दाम तिच्या चहाला नावं ठेवली, म्हटलं आता तरी उसळेल. ती म्हणाली, "असन." तेवढंच. नंतर निघताना तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "शकुन, बजारात मले नावानं हाक मारनारे लोक हायेत. इथी मी घराच्या भितीसोबत बोलून राहिली. अशीच बसून राहिली ना, तं मी सरून जाईन."

मी दादाला हे जसंच्या तसं सांगितलं. त्यानं दुसऱ्याच दिवशी वहिनीला उचलून बंडीच्या पुढच्या फळीवर बसवलं, हातात कासरा दिला आणि स्वतः मागे बसला. आता आमच्याकडे हाकणारा बसतो तो अगदी बैलांच्या पाठीशी, पाय खाली सोडून. बैल जोरात काढायचा असला की पायाचा अंगठा त्याला मागून टोचायचा. बैल तेवढंच समजतो. वहिनीचा डावा पाय खाली सुटेना. तो सरळ पुढे गेला आणि डाव्या बैलाच्या पुठ्ठ्याला जाऊन टेकला. रस्त्यावर खड्डा आला की अंगठा टोचे. डावा बैल पळे, उजवा आपल्या चालीनं चाले, आणि बंडी उजवीकडे वळत वळत भगवंतरावांच्या तुरीत शिरली.

दादाला वाटलं बैलाला कोणाची तरी दृष्ट लागली. तो तिथंच मीठ-मिरच्या उतरवायचं बोलू लागला. वहिनी तुरीत बसून हसत होती, इतके महिने झाल्यावर पहिल्यांदा. "बैलाले काही झालं नाई," ती म्हणाली. "माहा पाय त्याले पळ म्हनते, म्हनून तो पळते. दोघं एकमेकाशी बोलून राहिले, मले कोन विचारते."

हे हसणं दादानं वेगळ्याच अर्थानं घेतलं. त्याच्या मनानं घेतलं की बायकोला आता कष्टाची बंडी नको. तिच्यासाठी ऐसपैस, गादीची, सावलीची गाडी घ्यायची, तीत तिला पाटलिणीसारखी बसवायची. आणि मग आमचं वाहन बघणं सुरू झालं. मुलीला स्थळं बघावीत तशी आम्ही वाहनं बघितली आणि तशीच नावं ठेवली.

आधी टांगा. चढायची पायरी एवढी उंच की वहिनीला चढवायला दोन माणसं, आणि आत बसली तर ताठ पाय बाहेर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटात. मग कोणी म्हणालं, उतारूंच्या सर्व्हिस मोटरीनं का नाही जात. सर्व्हिस मोटरवाल्यानं पाय पाहिला, मग टोपल्या पाहिल्या, आणि दोन्हींपैकी एक काय ते न्या म्हणाला. शेवटी अकोल्याहून निरोप आला की तिथल्या एका कापूस व्यापाऱ्याच्या घरची दमणी, म्हणजे नुसती बसायची बैलगाडी, विकायला निघाली आहे, छत आहे, गाद्या आहेत, पितळेच्या घुंगरमाळाही सोबत देताहेत. दादा त्या रात्री झोपला नसेल.

आम्ही तिघं बडनेऱ्याहून आगगाडीनं अकोल्याला गेलो. दमणी खरंच देखणी होती, खोटं कशाला बोलू. निळा रंग, वर वेलबुट्टी, बाजूला पडदे. दादा तिच्याभोवती फिरला, चाक हलवून पाहिलं, गादी दाबून पाहिली आणि माझ्याकडे पाहून मान डोलावली. त्यानं, मी आणि तिथल्या गड्यानं मिळून वहिनीला आत चढवलं. आत ती पाय लांब करून ऐटीत बसली. पडद्यातून फक्त तिची टाच दिसत होती.

आतून तिचा आवाज आला. "अन् हाकनारा कुठी बसते?"

गड्यानं पुढची चिंचोळी बैठक दाखवली, बैलांच्या शेपट्यांना लागून. जोडी जुंपायची, तीच अडचण.

"मंग मले उतरवा," वहिनी म्हणाली.

दादाचं तोंड एवढंसं झालं. परतीच्या गाडीत तो खिडकीबाहेर पाहत राहिला.  मूर्तिजापूर गेल्यावर वहिनीनंच बोलणं काढलं, आणि मी तिचं ते बोलणं विसरणार नाही. "तुमी मले चांगलं बसवाले पाहून राहिले, हे का मले समजत नाई? पन मले बसाचं नाई जी. बसूनच तं आहो. मले हाकाचं हाये." दादानं विचारलं, "मंग तुले कोनती गाडी पाहिजे?" ती म्हणाली की तिला अजून माहीत नाही, पण पायाला विचारून सांगते.

पायाला तिनं खरंच विचारलं. आठवडाभर ती मळ्याच्या दारात खाटेवर बसून रस्त्यावरची एकूणएक गाडी पाहत होती, आणि गाडीपेक्षा हाकणाऱ्याचे पाय. मग एका कुंभाराचा छकडा गेला. छकड्याला बैल एकच, दोन दांड्यांच्या मधे. हाकणारा एका कडेला बसलेला, आणि त्याचा एक पाय दांडीच्या बाहेर मोकळा लोंबतो आहे, बैलाच्या अंगाला कुठंही न लागता. वहिनीनं त्याला थांबवलं, बसायचं कसं, चढायचं कसं, सगळं विचारलं आणि जाताना त्याला वांगी दिली.

दादाला हे सांगितलं तेव्हा तो उठून उभाच राहिला. आमच्या वऱ्हाडात ज्याची जोडी त्याची इज्जत. एका बैलाचा छकडा म्हणजे ज्याला दुसरा बैल मिळाला नाही त्याची गाडी. लोक म्हणतील किसनरावची जोडी फुटली, म्हणतील घर बसलं. त्यानं मला मध्यस्थीला बोलावलं. मी म्हटलं, दादा, पोळ्याला तुझी जोडी कोणी तुझ्यापासून काढून घेत नाही. छकडा तिचा, बैल तिचा, तू कशाला मधे येतोस. त्यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच राजापेठेला अब्दुल सत्तार मिस्त्रीकडे तिला घेऊन आला.

सत्तार मिस्त्री बंड्या, दमण्या, चाकं करणारा जुना माणूस, हाताला साफ आणि तोंडाला फटकळ. त्याला वाटलं एकबैली छकड्यात काय एवढं. पण वहिनीचं मागणं वेगळं होतं. छकडा इतका ठेंगणा हवा की जमिनीवर उभं राहून पाठमोरं नुसतं टेकलं की बसता यावं, कोणाच्या हाताची गरज नको. डाव्या बाजूला फळी वीतभर बाहेर काढायची, तीवर पाय लांब ठेवायला चामड्याचा पट्टा. मिस्त्री म्हणाला, "भाबी, इतके लहान चाक लावले तं ते तान्ह्या पोळ्याचं खेळनं दिसन. पोरं दोरी बांधून ओढतीन. लोक मले विचारतीन, सत्तार, म्हातारपनी हे का करून राहिला?"

"मले विचाराले पाठवजा," वहिनी म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं. आवाजात जुनी धार आली होती.

पहिला छकडा उसना बैल जुंपून पाहिला, आणि तो बिघडला. चाकं लहान, बैलाचा खांदा उंच, त्यामुळे दांड्या वर गेल्या आणि पाटा, म्हणजे बसायचा तळ, मागे कलला. झेंडूच्या टोपल्या घसरत घसरत माझ्या दारासमोर सांडल्या, आणि गल्लीतल्या शेळ्यांचा त्या दिवशी सण झाला. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. वहिनीनं त्याला आणि त्यानं तिला मनसोक्त नावं ठेवली. मग त्यानं मुळातच वर वाकलेल्या बाभळीच्या दांड्या शोधून आणल्या, त्या बसवल्या, आणि पाटा सपाट झाला. बैल मिळाला गावातल्या केशवरावांकडचा भुऱ्या. त्याचा जोडीदार दगावला होता, नव्याशी त्याचं जमत नव्हतं, आणि असा एकटा बैल कोणी घेत नाही. वहिनीनं त्याच्यासमोर काठी आपटली, मागून भांडं वाजवलं. तो रवंथ करत राहिला. तिला तो पसंत पडला.

आणि मग वहिनी बाजारात आली. पाठमोरी टेकली, दोन्ही हातांनी पाय उचलून पट्ट्यात ठेवला, कासरा धरला आणि निघाली. निंबाखाली छकडा उभा केला आणि त्याच्यावरच दुकान मांडलं, कारण जमिनीवर तिला बसता येत नव्हतं. तिथं ते बरंच झालं. बायकांना वाकावं लागेना. पहिल्या दिवशी इतक्या जणी जमल्या की भाजी कोणी घेईना, नुसत्या बोलतच होत्या.

फक्त दादा त्या छकड्यात बसत नसे. बाजारात यायचं झालं तर आपली जोडी घेऊन तासभर आधी यायचा, नाहीतर पायी, आणि छकड्यापासून एवढा लांब चालायचा की जणू वहिनीशी त्याची ओळखच नाही. वहिनी त्याला काही म्हणत नसे. मी म्हणे, भरपूर म्हणे, पण त्याच्या कानावरून जाई. वहिनीला त्याचं वाईट वाटायचं. एकदा बोलून गेली की गाडी मिळाली, पण गाडीत घरचं माणूस नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू एवढा निघाला की जोडी एक खेप करून दमली, आणि एका बैलाच्या खुरात काटा रुतला. माल तर पोचवायला हवा, आणि छकड्यावर रचलेल्या टोपल्या धरून बसायला माणूसही हवं. मी दारात उभी होते. बडनेऱ्याच्या रस्त्यानं छकडा येताना दिसला. पुढे वहिनी, आणि मागे फुलांच्या टोपल्यांच्या मधे, गुडघे छातीशी घेऊन, माझा भाऊ.

नेमका समोरून उत्तमराव आला. पोळ्याला दादाच्या जोडीशी चुरस करणारा एकच माणूस, आणि त्याची जोडी झूल घालून, शिंगं रंगवून निघालेली. त्यानं बंडी थांबवली. दुकानदार, हमाल, गिऱ्हाईक, सगळे बघत होते. उत्तमरावानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काहो किसनराव, दुसरा बैल कुठी गेला?"

वहिनीचे हात कासऱ्यावर थांबले.  दादाला मी ओळखते. अशा एका टोमण्यावर तो गाव सोडून गेला असता.

दादानं टोपल्यांमधून मान वर काढली. "हा का मांगं बसला ना," तो म्हणाला. "पुढं जुंपला तं आयकत नाई, म्हनून मालकिनीनं मांगं बसवला."

आधी आपल्या दुकानाच्या दारात उभा असलेला सत्तार मिस्त्री हसला, मग सगळा रस्ता. उत्तमरावालाही हसावंच लागलं, त्यानं आपली जोडी बाजूला घेतली आणि छकड्याला वाट दिली. वहिनीनं मागे वळून पाहिलं नाही. छकडा निंबाखाली नेऊन तिनं उभा केला, पदरानं डोळे पुसले आणि मग म्हणाली, "आता उतरा अन् टोपल्या काढा. फुलं दबून राहिली तुमच्याखाली."