गहाण पडलेले रविवार

माझ्या भावजयीला, माधुरीला, आमच्या सगळ्या नात्यागोत्यात चिंगूस म्हणतात. बाकीचे मागून म्हणतात, मी तोंडावर म्हणते. विशालची मोठी बहीण आहे मी, तेवढा हक्क माझा. तिला रागसुद्धा येत नाही. "असू दे शुभाताई, चिंगूस तर चिंगूस," म्हणते आणि पुढ्यात चहा ठेवते. चहा मात्र फर्स्टक्लास करते, खोटं कशाला बोलू.

तिला एकच गोष्ट हवी होती. रविवारी कंपनीचा फोन आला की माझ्या भावाला "आज नाही येत" असं म्हणता यावं. ऐकायला किती सोपं आहे ना? त्याला दहा वर्षं लागली.

विशाल लिफ्ट मेकॅनिक आहे. मुलुंडच्या बऱ्याच टॉवरांच्या लिफ्ट ज्या कंत्राटदाराकडे आहेत, त्याच्याकडे नोकरी. माधुरी तिथल्याच एका हॉस्पिटलात ईसीजी काढते. दोघांनी २०१४ साली नाहूरला वन रूम किचन घेतलं. आमचे अण्णा, शिवदास पाईकराव, महापालिकेतून रिटायर झाले होते, त्यांचा सगळा फंड त्यात गेला. वरचे पंचवीस लाख बँकेचे, वीस वर्षांचं कर्ज. हिंगोलीहून आलेल्या माणसानं भाड्याच्या खोल्यांत जन्म काढलेला, त्यामुळे घराचा आनंद सगळ्यात जास्त अण्णांनाच. सकाळी उठले की स्वयंपाकघरातला नळ सोडून बघायचे. "आपला नळ," असं म्हणायचे आणि बंद करायचे. आई ओरडायची, "पाणी कामून सांडता?"

त्याच वर्षी थंडीत अण्णांचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ आम्ही समजून चुकलो होतो. रविवार होता. मी दिंडोशीहून सकाळीच आले होते, अण्णांच्या उशाशी बसले होते, आई पाय चोळत होती. तेवढ्यात विशालचा फोन वाजला. सुपरवायझर. एका नवीन टॉवरमध्ये फ्लॅट बघायला पार्टी येणार होती, आणि लिफ्ट मध्येच झटका देत होती.

"साहेब, वडील सीरियस आहेत," विशाल म्हणाला.

त्या माणसाचा घसा एवढा मोठा की आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. "अरे तासाभराचं काम आहे यार. नवीन लोन आहे ना तुझ्यावर? नोकरी सांभाळ."

विशालनं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनीच मान हलवली, जा म्हणून. त्यानं पान्यांची बॅग उचलली आणि गेला. तो परत यायच्या आत अण्णा गेले. शेवटी दोनदा "विशाल आला का" विचारलं त्यांनी. हे मी विशालला आजवर सांगितलेलं नाही, पण माधुरी तिथेच उभी होती, तिनं ऐकलं होतं.

अण्णांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, गावाकडची माणसं परत गेली. मी आणि माधुरी ओट्याशी भांडी आवरत होतो. ती म्हणाली, "ताई, हे लोन मला घरात नको."

"म्हणजे घर विकणार?"

"विकायचं कशाला? लवकर फेडायचं. त्या माणसाला परत असं बोलता येता कामा नये."

मी म्हटलं, बाई, तुमचे दोन पगार ते केवढे, त्यातला अर्ध्याहून जास्त हप्त्यात जातो, तू काय डोक्यावर पडलीस? ती कढई घासत राहिली.

तिची पद्धत सांगते. दोघांचा पगार दरवर्षी थोडा थोडा वाढतो, तसा सगळ्यांचाच वाढतो. आपण काय करतो? मोठा टीव्ही घेतो. ती काय करायची, तर वाढ झालीच नाही असं धरून चालायची. "ताई, आम्ही मागच्या वर्षीच्या पगारात जगतो," असं मला हसत सांगायची. वाढलेले पैसे पगाराच्याच दिवशी बाजूला काढायचे, बोनस बाजूला, विशालचा रविवारचा ओव्हरटाइम बाजूला, आणि वर्ष संपलं की सगळं बँकेत नेऊन कर्जात भरायचं. घर उरलेल्यात चालवायचं. भाजी संध्याकाळी भांडुपच्या बाजारात जाऊन, भाव उतरल्यावर. लेकाच्या, चैतन्यच्या, वाढदिवसाचा केक कुकरमध्ये. हॉटेलचं नाव काढायचं नाही. पंख्याचा रेग्युलेटर बिघडला तर वर्षभर तो पंखा एकाच स्पीडवर गरगरत होता, मी त्या घरात जेवायला बसले की ताटातला पापड उडायचा.

आणि मला सगळ्यात राग कशाचा यायचा माहितीये? रविवारच्या ओव्हरटाइमचा. एकदा मी तिला धरलंच. "विशालचे रविवार सोडवायचे म्हणतेस, आणि रविवारच विकतेस?"

"हो," ती म्हणाली. "दुसरं काय आहे आपल्याकडे विकायला?"

मी चहा पिऊन घरी आले.

पहिल्या वर्षी तर गंमतच झाली. सत्तर हजार साठले. विशाल एकटाच बँकेत गेला, पैसे भरले. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "हप्ता कमी करून देऊ ना?" हा म्हणाला, द्या. कोण नाही म्हणेल? हप्ता सात-आठशे रुपयांनी उतरला. घरी जल्लोष! पाईकरावांच्या घरात पेढे आले, त्या चिंगूस बाईनं स्वतः पेढे आणले, आमच्याकडेसुद्धा पाठवले. आमचे हे, दशरथ, कोर्टात नोकरीला असल्यामुळे स्वतःला अर्धे वकील समजतात. तेही म्हणाले, "वा, माधुरीनं करून दाखवलं."

पुढच्या वर्षी ती स्वतः पैसे घेऊन गेली. तेव्हा खुर्चीवर अनुपमा नावाची एक मुलगी होती, तिनं विचारलं, "मॅडम, हप्ता कमी करायचा की वर्षं कमी करायची?" माधुरीला कळेचना. त्या मुलीनं कॉम्प्युटर फिरवून दाखवलं. मागच्या वेळी भरले ते भरले, मुद्दल तेवढं उतरलं, पण कर्ज संपायची तारीख जिथे होती तिथेच. तेच साल, तोच महिना. आठशे रुपये वाचले ते घरखर्चात कुठे विरघळले कळलंही नाही.

त्या दिवशी मी योगायोगानं त्यांच्याकडेच होते. ही बाई घरात आली, पर्स टाकली आणि विशालला म्हणाली, "पेढे खाल्ले आपण. पेढे!" मग घासलेली भांडी काढून परत घासायला बसली. विशाल बिचारा दारात उभा. मला हसू आवरेना आणि वाईटही वाटत होतं, दोन्ही एकदमच.

त्यानंतर दरवर्षी तिचं एकच वाक्य, "हप्ता आहे तेवढाच राहू दे, वर्षं कापा." मध्ये व्याजाचे दर चढले तेव्हा बँकेनं आपणहूनच मुदत लांबवली. माधुरीनं दुसऱ्याच दिवशी हाफ डे टाकला, तिथे जाऊन बसली आणि हप्ता वाढवून मुदत होती तिथे आणून ठेवली. बँकेतला शिपाईसुद्धा तिला ओळखायला लागला होता. पाणी आणून द्यायचा.

आता माझ्या घरचं ऐका. २०२२ मध्ये माझ्या श्रुतिकाचं लग्न ठरलं. आमच्या लग्नात मुहूर्त नाही, अंतरपाट नाही. वंदना, पंचशील, वधूवरांनी एकमेकांना हार घालायचे, फुलं टाकायची, झालं. पण मामाचा मान आहे. तो कुठल्याच लग्नातून जात नाही. मामानं भाचीच्या गळ्यात सोन्याची पोत घालायची, हे आमच्या हिंगोलीकडचं चालत आलेलं. मी गृहीतच धरलं होतं. लग्नाआधी माधुरी घरी आली, बसली आणि सरळ म्हणाली, "ताई, पोत नाही जमणार. श्रुतिकाला साडी घेतली आहे चांगली, आणि पाकीट देऊ. पण पोतीचे पैसे घातले तर आमचं वर्ष पुढे जाईल."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुझं वर्ष जाऊ नये म्हणून माझ्या पोरीनं मोकळ्या गळ्यानं जायचं? लोक काय म्हणतील, मामा आहे की नाही हिला?" ती मान खाली घालून बसली, पण शब्द काही बदलला नाही. मी पाण्याचा ग्लास असा आपटला की दशरथ बाथरूममधून विचारायला लागले, काय पडलं म्हणून.

लग्न भांडुपच्या हॉलमध्ये, रविवारी. विशाल पांढरा सदरा घालून सकाळपासून राबत होता, पाहुण्यांना बसव, पाणी बघ. बौद्धाचार्यांनी त्रिशरण सुरू केलं, सगळा हॉल उभा राहिला. आणि त्याच्या खिशात फोन थरथरला. मी बघत होते. तो बाहेर गेला, दाराशी उभा राहून काहीतरी बोलला, दोनदा हात जोडल्यासारखे केले, फोनवर हात जोडून काय दिसणार आहे कोणाला? मग माधुरीकडे बघितलं. तिनं डोळे मिटून घेतले. तो गेला.

फुलं टाकायची वेळ आली, सगळे "मामा कुठे, मामा कुठे" करायला लागले. श्रुतिका स्टेजवरून दाराकडे बघत होती. पोत कोणीही विचारली नाही हो. एका माणसानं विचारली नाही. मामा विचारला.

मी रागानं माधुरीकडे गेले, आज हिला सगळ्यांसमोर सुनावायचं म्हणून. ती हॉलच्या खांबाला धरून उभी होती. मला बघून म्हणाली, "दोनच वर्षं राहिली आहेत, ताई. दोनच." अण्णांच्या वेळी ती अशीच उभी होती, दाराच्या चौकटीला धरून. मी तिचा हात धरून तिला स्टेजवर नेलं आणि मामाच्या वाटची फुलं तिच्या ओंजळीत दिली. राग गेला होता असं नाही. पोतीचा राग मला अजून आहे, ती मला देणं लागते आणि मी ते वसूल करणार.

पण त्यानंतर तिला कोणी चिंगूस म्हटलं की मी अंगावर जायला लागले. म्हणायचं तर मी म्हणेन.

या वर्षी, २०२४ च्या मार्चमध्ये, ती शेवटचे पैसे भरून आली. पेढे आणले नाहीत. मला फोन करून एवढंच म्हणाली, "ताई, घराचे पेपर मिळाले." मागे आई कोणाला तरी सांगत होती, "माझ्या सुनेनं सोडवलं घर." मी म्हटलं, आता तरी पंखा दुरुस्त कर बाई.

मग मे महिन्यात श्रुतिकाच्या मुलीचं नामकरण होतं, आमच्याच घरी दिंडोशीला. रविवार. विशालच्या मांडीवर ती चिमुरडी, अंगठा चोखत पडलेली, आणि हा हलायला तयार नाही, उठेल म्हणून. आई शेजारी बसून बाळाचे पाय चोळत होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मामाची पोत बाकी आहे बरं का अजून." माधुरी म्हणाली, "पुढच्या वर्षी नक्की, ताई. व्याज लावू नका फक्त." सगळे हसले.

आणि फोन वाजला.

विशालचा फोन टीव्हीपाशी होता. हसणारी माणसं तिकडे बघायला लागली, कारण त्याचं वाजणं आम्हाला सगळ्यांनाच ओळखीचं होतं. विशालचे दोन्ही हात अडकलेले. माधुरीनं फोन उचलला, नाव बघितलं, स्पीकरवर टाकला आणि त्याच्या तोंडाजवळ धरला.

"अरे विशाल, ताबडतोब निघ. पार्टी येतेय फ्लॅट बघायला, लिफ्ट बंद आहे."

"आज नाही जमणार साहेब. भाचीकडे कार्यक्रम आहे."

"कार्यक्रम काय रोजचेच असतात यार. लोन आहे ना तुझ्यावर?"

विशालनं एकदा बाळाकडे बघितलं. "होतं," तो म्हणाला.

दहा वर्षांत त्या माणसाचा आवाज इतका बारीक मी पहिल्यांदाच ऐकला. "बरं, मग मी सुशांतला पाठवतो," म्हणाला आणि फोन कट झाला.

माधुरी तो बंद फोन तसाच विशालच्या तोंडापुढे धरून राहिली. मग खाली बसली, माझ्या घराच्या फरशीवर, नवीन साडीसकट, आणि हुंदके देऊन रडायला लागली. अण्णा गेले तेव्हा रडली नव्हती, लग्नात रडली नव्हती. आईला काही कळेना. तिला कमी ऐकू येतं.

"काय झालं गं माय? कोण बोलावतंय त्याला?"

"कोणी नाही, आई," माधुरी म्हणाली. "आज रविवार आहे. ते घरीच आहेत."