शेजारणीचं फणसाचं धोंडस

मिरजोळ्याला आमच्या शेजारी राहणारी ती बाई बरक्या फणसाचं धोंडस करते, खालून-वरून निखाऱ्यांवर भाजलेला गोड केकच तो. रस, रवा, गूळ कालवला की ती चव घेत नाही, नुसता वास घेते. कुणी घाई केली तर म्हणते, "होतंय हो, पळून जात नाय." आमच्या घरात तिचं इतकं कौतुक चालतं की माझा जीव जळतो.

दिराच्या मुलीच्या साखरपुड्याला साठ माणसं येणार होती. नाश्त्याचं धोंडस आदल्या दिवशीच करून ठेवायचं होतं. सासूबाई सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "ते तिलाच करू दे. तुझं चिकट होतं."

संध्याकाळी आमच्या परसात तिने मोठं पातेलं चुलीवर चढवलं, झाकणावर निखारे पसरले आणि "वहिनी, जरा लक्ष ठेवा" म्हणून ती घरी दिवा लावायला गेली. मी झाकणावरचे निखारे राखेत ढकलले. ती परतली तेव्हा म्हणाले, "वारा होता, निखारे लवकर राख झाले." तिने नवे निखारे घातले, पण उशीर झाला होता.

सकाळी कापलं तर धोंडस मध्ये कच्चं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कडेचे तुकडे पाडून मधला लगदा तुपावर परतला. पाहुण्यांनी तोच पुन्हा पुन्हा मागून खाल्ला.

"हे नवीन काय गो?" सासूबाईंनी विचारलं.

"वहिनींमुळे सुचलं," ती म्हणाली आणि माझ्या हातात बशी दिली.

मी खाल्लं. चव इतकी सुरेख होती की लाज वाटण्याआधी मला पुन्हा तिचा हेवाच वाटला.